पागाचे शिशाचे मणी घरी ओतताय? मणी का बिघडतात, उपाय काय आणि कुठे थांबायचं

जून तोंडावर आला की खाडीकाठच्या वाड्यांत जाळी अंगणात येतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. त्यामुळे हे दिवस जाळी विणायचे, शिवायचे, दुरुस्त करायचे. नदीकाठी तर पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात म्हणून माळ्यावरचा पाग खाली निघतो. पाग झटकून बघितला की कळतं, घेराचे निम्मे मणी गळून गेलेत. काही खडकात अडकून गेले, काहींची दोरी कुजली.

मग जुनं शिसं शोधायचं, चुलीवर वितळवायचं आणि मणी ओतायचे, हा अनेक घरांतला जुना शिरस्ता. लहान-मोठ्या पागाला दोन-चार किलो शिसं सहज लागतं. पण घरी ओतताना दर दहा मण्यांत तीन-चार वाया जातात. कुणाचे मणी सुरकुततात, कुणाचे आतून पोकळ निघतात, कुणाचे दोरीत ओवतानाच तुटतात. आणि कधीकधी कढईतलं शिसं एकदम उसळून अंगावर येतं.

या लेखात बिघाड एकेक करून घेतले आहेत. वाचून झाल्यावर काहींना वाटेल की हे घरी नकोच, विकतचे मणी बरे. तसं वाटलं तर तोही निर्णय चांगलाच आहे.

शिसं, जस्त, कथील: घोळ करू नका

तिन्ही धातू राखाडी-पांढरे दिसतात. भंगारात एकत्रच पडलेले असतात. निम्मे बिघाड या घोळातूनच होतात.

- शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. पाण्याच्या ११ पटीहून जड. नखाने ओरखडा उठतो, कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ उमटते.
- जस्त ४१९ अंशांना वितळतं. शिशाहून हलकं आणि कडक. नखाने ओरखडा उठत नाही.
- कथील, म्हणजे कल्हईवाला वापरतो ते, २३२ अंशांनाच वितळतं. महाग असतं. मण्यासाठी ते वाया घालवायची गरज नाही.

ओळखायची सोपी पद्धत: तुकडा दगडावर टाका. शिसं 'थप्प' असा मेलेला आवाज करतं. जस्त टणकन वाजतं. पक्कडीने चिमटा काढा. शिशात पक्कड रुतते, जस्तावर सरकते.

कुठलं शिसं घ्यायचं, कुठलं अजिबात नाही

जुन्या शिशाच्या नळ्या, जुने पत्रे, पागाचे जुने मणी हे चालतं. नळीचा तुकडा दोन्ही तोंडांनी बंद असेल तर आधी कापून उघडा. आत अडकलेलं पाणी किंवा हवा तापून तो फुटतो.

गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ती वजनं टायरवाल्याकडे मिळतात. पूर्वी ती बहुतेक शिशाची असायची. आता त्यात जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. एकेक तपासूनच घ्या. लोखंडाच्या वजनाला चुंबक चिकटतं. शिशाच्या वजनालाही लोखंडी क्लिप असते, तेव्हा चुंबक क्लिपवर न लावता वजनावर लावून बघा.

जुन्या केबलचं शिसं मिळतं म्हणून वरचं प्लॅस्टिक जाळू नका. तो धूर शिशापेक्षा कमी वाईट नाही.

आणि बॅटरी फोडू नका. गाडीची, इन्व्हर्टरची, कुठलीच नाही. बॅटरीतल्या प्लेटा म्हणजे नुसतं शिसं नसतं. त्यावर शिशाच्या संयुगांची बारीक पावडर असते, गंधकाचं आम्ल असतं, प्लेटांत अँटिमनी आणि आर्सेनिकही असू शकतं. त्यातून विषारी वायू निघू शकतात आणि पावडर तर अंगणभर पसरते. शिवाय देशात बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू आहेत. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायची असते. दुकानात तिचे पैसेही वळते होतात.

जागा आणि सामान

- घरातली चूल, गॅस, पडवी, गोठा नको. घर, विहीर आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब, उघड्यावर, पण पाऊस नसताना. वारा पाठीकडून येईल असं बसा, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही.
- कढई जाड लोखंडाची. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका. जाळावर ते नरम पडतं, तळ सुटला तर शिसं पायावर येतं. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा डबाही नको, जस्त शिशात उतरतं.
- पळी लोखंडी, लांब दांड्याची. एकदा शिशाला वापरलेली कढई आणि पळी पुन्हा स्वयंपाकात नाही, कितीही घासली तरी. त्यावर लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा आणि घराबाहेरच ठेवा.
- सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपँट, बंद बूट, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. नायलॉन किंवा टेरिकॉटचे कपडे नको, ते कातडीला वितळून चिकटतात. पँट बुटाच्या बाहेर असू द्या. आत खोचली तर उडालेला थेंब बुटात जातो.
- बाजूला कोरड्या वाळूची बादली. पाण्याची बादली कढईजवळ नको.
- लहान मुलं आणि गरोदर बाई या जागेच्या आसपास नको. ही अट सोडायची नाही.

ओतायची रीत, थोडक्यात

शिसं थंड कढईत भरा आणि मग जाळ लावा. वितळलं की वर राखाडी मळी येते. मेणबत्तीचा बोटभर तुकडा टाकून लांब पळीने ढवळा. तो पेट घेईल, त्यासाठी तोंड लांब ठेवा. मेणामुळे मळीत अडकलेलं बरंचसं शिसं परत खाली जातं आणि घाण वर येते. ती पळीने काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. शिसं आरशासारखं चकाकलं की ओतायला तयार.

साचा दोन भागांचा, ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी असेल तर बरा. मधल्या भोकासाठी सळई लागते. ती गुळगुळीत आणि एका टोकाला किंचित निमुळती हवी. साचा आणि सळई मेणबत्तीच्या काजळीने काळी करून घ्या. तेल लावू नका.

बिघाड आणि उपाय

१. मण्यावर सुरकुत्या पडतात

सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड. कारणं तीन: साचा थंड, शिसं पुरेसं तापलेलं नाही, किंवा साच्याला तेल लागलंय. शिसं साच्यात शिरताच कडेला गोठतं आणि मागून येणारं त्याच्यावर घडी घालतं.

उपाय: साचा जाळाजवळ ठेवून तापवून घ्या. पहिले सात-आठ मणी बिघडणारच, ते साचा तापवण्यासाठीच समजा. ते बाजूला ठेवून पुढच्या खेपेला वितळवा. खोबरेल, डिझेल, ग्रीस लावलेलं असेल तर साचा साबणाने धुवा. पण धुतला की उन्हात आणि नंतर जाळाजवळ पूर्ण वाळवल्याशिवाय वापरू नका.

२. मणी पूर्ण भरत नाही, कड गोल राहते

साच्यातली हवा बाहेर पडत नाही. शिसं वरून येतं आणि हवा खाली अडकते.

उपाय: साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर करवतीच्या पात्याने केसाएवढी बारीक खाच पाडा. हवा जाते, शिसं जात नाही. ओतताना धार एका बाजूने आणि सलग सोडा. थेंब-थेंब ओतलं तर थर पडतात.

३. वरून चांगला, आतून पोकळ

शिसं गोठताना आकसतं, साधारण शंभराला तीन-साडेतीन भाग. बाहेरचा भाग आधी गोठतो, मधलं शिसं खाली ओढलं जातं आणि आत पोकळी राहते. असा मणी वजनाला कमी भरतो. पागाच्या घेरात हलके-जड मणी मिसळले की पाग एका बाजूने आधी बुडतो, मासळी दुसऱ्या बाजूने निसटते.

उपाय: ओतायच्या तोंडावर शिशाची छोटी मुंडी राहू द्या. भोक भरलं की लगेच पळी काढू नका, क्षणभर धार चालू ठेवा. आत आकसलं की मुंडीतलं शिसं खाली उतरतं. मुंडी नंतर पक्कडीने तोडता येते. संशय असेल तर दहा मणी तराजूत टाकून दुसऱ्या दहांशी ताडून बघा.

४. मणी पांढुरका, दव पडल्यासारखा दिसतो

शिसं किंवा साचा फार तापलाय. मणी वापरण्यासारखा असतो, पण ही खूण सोडून देऊ नका. जाळ कमी करा. साफ केलेल्या शिशाच्या तोंडावर झटपट सोनेरी-निळा-जांभळा रंग चढायला लागला तर उष्णता गरजेपेक्षा जास्त आहे. कढईचा तळ लालसर दिसायला लागला तर फारच जास्त. तिथून पुढे शिशाची वाफ आणि मळी दोन्ही वाढतात आणि ती वाफ तुमच्या छातीत जाते. मण्यांच्या कामाला ३५० ते ४०० अंश पुरेत.

५. कडेला पातळ पंख फुटतात

साच्याचे दोन भाग नीट मिटत नाहीत. मध्ये शिशाचा कण अडकलाय, किंवा साचा वाकलाय.

उपाय: दर चार-पाच मण्यांनी साच्याच्या तोंडावरून कोरडं सुती फडकं फिरवा. पंख असलेला मणी तसाच ओवू नका, तो नायलॉनची दोरी कापतो. पंख चाकूने कापा. कानशीने घासू नका, त्याची बारीक पूड उडते आणि नेमकी तीच पोटात जाते.

६. सळई मण्यात अडकते

गोठताना आकसलेलं शिसं सळईला आवळून धरतं. मणी पूर्ण गार होईपर्यंत थांबलात की ती निघतच नाही.

उपाय: सळई निमुळती आणि काजळी धरलेली हवी. शिसं गोठलं, पण मणी अजून गरम आहे, तेव्हाच पक्कडीने सळई पिळून ओढा. गंजकी तार वापरू नका. गंजाच्या खरखरीत शिसं धरून बसतं.

७. मणी वाकवताना तुटतो, ठिसूळ आहे

चांगलं शिसं वाकतं, तुटत नाही. तुटलं तर त्यात दुसरा धातू आहे, किंवा दोन वेळा थांबून ओतल्यामुळे सांधा जुळलेला नाही. तुटलेल्या जागी चकाकणारे कण दिसले तर मिसळ समजा. चाकाच्या वजनात आणि बॅटरीत कडकपणासाठी अँटिमनी घातलेलं असतं. पागासाठी मऊ शिसंच बरं.

८. कढईतलं शिसं लापशीसारखं घट्ट झालंय

जस्त शिरलंय. कितीही तापवा, वर रवाळ साय येत राहते आणि मणी भरत नाही. जाळ वाढवून हे सुटत नाही, उलट बिघडतं.

उपाय: ओतण्याआधीच काळजी. जाळ मंद ठेवला तर शिसं आधी वितळतं, जस्ताचे तुकडे वर तरंगतात. ते लगेच पळीने काढा. एकदा पूर्ण मिसळलं की ती खेप सोडून द्या. गार होऊ द्या आणि भंगारात वेगळी सांगून द्या.

९. मण्यात काळे खड्डे, माती निघते

मळी नीट काढलेली नाही, किंवा पळी वरची साय घेऊन ओततेय. पळीने आधी साय बाजूला सारा आणि खालचं शिसं उचला. ढवळून झालं की मिनिटभर थांबा, घाण वर येऊ द्या.

सगळ्यात मोठा धोका: ओल

वरचे नऊ बिघाड मणी वाया घालवतात. हा मात्र डोळा घालवू शकतो.

पाण्याचा एक थेंब तापलेल्या शिशाखाली गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ पाण्याच्या दीड हजार पटीहून जास्त जागा मागते. वर जड शिसं असतं. ते सगळं वर फेकलं जातं. आणि हे थेंबभर पाण्यानेच होतं.

ओल कुठून येते, ते बघा:

- जुने मणी. खाडीतून, नदीतून आलेले मणी बाहेरून कोरडे दिसतात, पण भोकात दोरीची गाठ, चिखल आणि ओल असते. दोरी काढा, भोक मोकळं करा, दोन-चार दिवस उन्हात वाळवा. आणि तरीही ते वितळलेल्या शिशात कधी टाकू नका. थंड कढईत आधी भरा, मग जाळ लावा.
- साचा. लाकडी साच्यात ओल असतेच. प्लास्टरचा साचा कोरडा वाटला तरी त्यात पाणी धरलेलं असतं. मातीचा साचा नीट भाजलेला हवा.
- पळी. थंड, दमट पळी सरळ कढईत बुडवू नका. आधी जाळावर धरा.
- जमीन. ओल्या काँक्रीटवर सांडलेलं शिसं उडतं. खाली कोरडी वाळू पसरा.
- घाम आणि पाऊस. कपाळाचा घाम कढईत पडेल असं वाकू नका. आभाळ भरून आलं तर काम बंद. पावसाळ्यात आडोशाला, गळक्या पत्र्याखाली हे काम नकोच.
- मणी गार करायला पाण्याची बादली. काही जण गरम मणी पाण्यात टाकतात. शिंतोडा कढईत गेला की संपलं. मणी कोरड्या वाळूत टाका.

न दिसणारा बिघाड

मणी छान झाला, कुणी भाजलं नाही, म्हणजे सगळं ठीक झालं असं नाही. शिशाचं खरं नुकसान त्या दिवशी दिसत नाही.

शिसं शरीरात दोन वाटांनी जातं, श्वासातून आणि तोंडातून. घरगुती कामात तोंडाची वाट जास्त घातक. मळीची पूड बोटांना लागते, त्याच बोटांनी तंबाखू मळली जाते, बिडी ओढली जाते, भाकरी खाल्ली जाते. काही जण दोरीवरचा मणी चक्क दातांनी दाबतात. ही सवय आजच सोडा.

पूड कपड्यांवरून घरात येते. रांगणारं मूल जमिनीला हात लावतं आणि तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे, पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढं मोठ्यांच्या अंगात मुरतं, त्याच्या चार-पाच पट मुलांच्या अंगात मुरतं. शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित असल्याचं माहीत नाही, असंही ही संघटना सांगते. ते हाडांत साठून राहतं आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून बाळापर्यंत जातं. मुलांच्या मेंदूची वाढ, शिकण्याची ताकद, लक्ष लागणं यावर परिणाम होतो आणि तो नंतर भरून निघत नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतकं शिसं असल्याचा अंदाज दिलाय. त्यातली २७ कोटींहून जास्त मुलं भारतातली आहेत.

हे आकडे लांबचे वाटत असतील तर सेनेगल देशातल्या एका कोळीवाड्याची हकीकत ऐका. डकार शहराजवळ समुद्रकाठी थियारॉय-स्युर-मेर नावाची वस्ती आहे. तिथले लोहार वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्यांतून शिसं काढून मासेमारीच्या जाळ्यांची वजनं ओतायचे. शिशाची पूड वाळूत मिसळत गेली. पुढे शिशाचा भाव वाढला, तशी लोकांनी तीच वाळू खणून, चाळून शिसं विकायला सुरुवात केली. चाळण्याचं काम अंगणात, मुलांच्या समोर चालायचं. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथली १८ लहान मुलं दगावली. तपासणीत त्यांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तात शिशाचं प्रमाण फार जास्त निघालं. तीही आपल्यासारखीच जाळी दुरुस्त करणारी माणसं होती.

आपण वर्षातून एकदा चार किलो शिसं ओततो, तेवढ्याने थियारॉय होत नाही, हे खरं. पण वाट तीच आहे. एकाच अंगणात, दरवर्षी, तीच मळी तिथेच टाकत राहिलो तर माती साठवत राहते.

काम झाल्यावर काय करायचं

- आधी हात, मग बाकी सगळं. साबणाने कोपरापर्यंत हात, तोंड, नखं घासून धुवा. तोवर पाणी पिणं, तंबाखू, बिडी काही नाही.
- कपडे तिथेच बदला आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. बूट घरात आणू नका.
- जागा केरसुणीने झाडू नका, पूड उडते. सगळं गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं मळीच्या डब्यात टाका.
- मळी राख समजून शेतात, उकिरड्यावर, नदीत टाकू नका. भांडी घासायच्या राखेत तर चुकूनही मिसळू नका. झाकणाच्या डब्यात ठेवा, वर 'विष' लिहा आणि शिशाचं भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत ठिकाणीच द्या.
- सांडलेले थेंब वेचून काढा. कोंबड्या ते खडे समजून टिपतात. गुरं शिसं चाटून दगावतात.
- मणी मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. मुलाने गिळला असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

पोटात कळा, बद्धकोष्ठता, भूक मरणं, सततचा थकवा, चिडचिड, रक्त कमी असणं ही लक्षणं दुसऱ्या आजारांतही असतात. त्यामुळे डॉक्टरांना आपणहून सांगा की घरी शिशाचं काम होतं. रक्तातलं शिसं तपासता येतं. मुलाला झटके आले तर लगेच १०८ ला फोन करा. घरगुती उतारा याच्यावर नाही.

भाजलं तर

नळाच्या किंवा तांब्याच्या गार पाण्याची धार २० मिनिटं सोडा. कातडीला चिकटलेलं शिसं ओढून काढू नका, ते डॉक्टरांना काढू द्या. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप लावू नका. डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका, पाण्याने धुत धुत रुग्णालयात जा. कढईजवळ आग लागली तर पाणी नाही, कोरडी वाळू टाका.

शिशाला पर्याय आहे का?

आहे, आणि हिशोब वाटतो तेवढा तोट्याचा नाही. पाण्यात वस्तूचं वजन कमी भरतं. हवेतलं १०० ग्रॅम शिसं पाण्यात सुमारे ९१ ग्रॅम भरतं. १०० ग्रॅम लोखंड सुमारे ८७ ग्रॅम. साधा दगड सुमारे ६२ ग्रॅम. म्हणजे वजनात लोखंड शिशाच्या फार मागे नाही. फक्त ते जागा जास्त घेतं आणि गंजतं. लोखंडी साखळी किंवा नट घेराला लावून पाग चालवता येतो. हंगाम संपला की गोड्या पाण्याने धुऊन वाळवायला हवा. रापणीसारख्या ओढायच्या जाळ्याला दगड किंवा भाजलेल्या मातीची वजनंही चालतात.

ब्रिटनमध्ये गळाची लहान शिशाची वजनं हंस गिळून मरायला लागले, म्हणून १९८७ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडे तशी बंदी नाही. पण खाडीत पडलेला मणी तिथेच राहतो, एवढं ध्यानात असू द्या.

दोन-चार मणीच हवे असतील तर ओतायच्या भानगडीत पडू नका, बाजारातून तयार घ्या. मोठा पाग असेल तर वाडीतल्या चार जणांनी मिळून वर्षातून एकच दिवस, एकाच लांबच्या जागी, एकाच कढईत काम उरकावं. चार अंगणं खराब होण्यापेक्षा ते बरं.

एक सूचना

ही माहिती जाळ्याच्या वजनांसाठी आहे. शेतीरक्षणाची ठासणीची बंदूक काही घरांत असते. बंदुकीचा परवाना आहे म्हणून तिच्या गोळ्या घरी ओतता येतात असं समजू नका. दारूगोळा तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे वेगळा परवाना लागतो. त्याशिवाय केलं तर तो गंभीर गुन्हा आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

- सुरकुत्या म्हणजे थंड साचा. पांढुरका मणी म्हणजे जास्त जाळ. लापशी म्हणजे जस्त.
- ओला मणी, ओला साचा, ओली पळी: तिन्ही धोकादायक.
- वितळलेल्या शिशात नवीन काही टाकायचं नाही.
- बॅटरी फोडायची नाही.
- शिशाची कढई स्वयंपाकघरात परत नाही.
- मणी दातांनी दाबायचा नाही, हात धुतल्याशिवाय तंबाखू नाही.
- मुलं आणि गरोदर बाई लांब.

बिघडलेला मणी परत ओतता येतो. पोराच्या अंगात गेलेलं शिसं असं परत घेता येत नाही. ही माहिती वाडीच्या ग्रुपवर पाठवा, म्हणजे पाग काढायच्या आधी सगळ्यांच्या वाचनात येईल.